जर्मनीत एमएस्सी: शिकताना काम किती करता येतं, आणि राहण्याचा परवाना कधी काढायचा?

सातपूरकर

नमस्कार मंडळी. भाचीला जर्मनीतल्या एका सरकारी विद्यापीठात ऑक्टोबरच्या सत्रासाठी एमएस्सीला प्रवेश मिळालाय. वय २३, नाशिकमधूनच बी.ई. मेकॅनिकल, पुणे विद्यापीठ. एपीएस प्रमाणपत्र (मार्कशीट खऱ्या असल्याचा जर्मन व्हिसासाठी लागणारा दाखला) हातात आहे. आता व्हिसाची तयारी चालू आहे. त्यासाठी वर्षभराच्या खर्चाची रक्कम ब्लॉक्ड अकाउंट नावाच्या खात्यात आधीच भरून दाखवावी लागते.

घरी द्राक्षबाग आहे. पैसा येतो तो वर्षातून एकदा, मार्च-एप्रिलला. दर महिन्याला पाठवणं जमणार नाही. कॉलेज रोडवरचा एक एजंट म्हणतो, "ब्लॉक्ड अकाउंट नुसतं दाखवायला भरा, पोरगी तिकडे पोचली की काढून परत पाठवेल. आठवड्याला वीस तास काम केलं की खर्च सुटतो." हे कितपत खरं?

बाकीचे प्रश्न:
१) कुठे १२० दिवस वाचलं, कुठे १४०, कुठे वीस तास. खरं काय?
२) व्हिसा मिळाल्यावर राहण्याचा परवाना वेगळा काढावा लागतो का? कधी?
३) सध्या ती अंबडच्या एका कंपनीचं डिझाइनचं काम घरून करते. ते तिकडून चालू ठेवता येईल का?
४) एजंट सगळ्या मार्कशीट अपोस्टिल करायला (परदेशात कागद खरा मानावा म्हणून सरकारी शिक्का घ्यायला) सांगतोय, त्याचे पैसे वेगळे. करावं का?

हिशोबी माणूस

आधी एजंटच्या बोलण्याचं पाहू. ब्लॉक्ड अकाउंटमधून एकरकमी पैसे काढता येत नाहीत. म्हणून तर त्याला ब्लॉक्ड म्हणतात. १ सप्टेंबर २०२४ पासून रक्कम ११,९०४ युरो आहे, आणि तिकडे पोचून खातं चालू झालं की दर महिन्याला ९९२ युरो सुटतात. बारा महिने. त्यामुळे "काढून परत पाठवेल" हा विषय संपला. उलट तुमच्यासारख्या घराला हीच सोय आहे. बागेचा पैसा हातात असताना वर्षाची रक्कम एकदाच भरायची, मग पुढच्या हंगामापर्यंत पाठवापाठवी नाही.

भरताना एक चूक नेहमी होते. ११,९०४ पाठवले, मधल्या बँकेने वीस-तीस युरो कापले, खात्यात कमी जमा झाले, आणि व्हिसासाठी लागणारं पुष्टीपत्र अडकलं. ट्रान्सफर करताना शुल्क पाठवणाऱ्याकडून घ्या असं बँकेला स्पष्ट सांगा आणि वर थोडी रक्कम जास्तीची ठेवा. खातं उघडून देणारी कंपनी स्वतःची फी वेगळी घेते, तीही त्यात धरा.

आता कामाचे दिवस. १२० पूर्ण किंवा २४० अर्धे दिवस हा जुना नियम. १ मार्च २०२४ पासून वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस. चार तासांपर्यंतचं काम म्हणजे अर्धा दिवस, चार तासांच्या वर गेलं की पूर्ण. सव्वाचार तास केले तरी पूर्ण दिवस गेला. हॉटेलात संध्याकाळची पाळी सहा ते दहा असेल आणि मालक रोज "अजून वीस मिनिटं थांब" म्हणत असेल, तर तिच्या खात्यातून अर्ध्याच्या जागी अख्खा दिवस वजा होतो.

दुसरी मोजपट्टी आठवड्याची. सत्र चालू असताना आठवड्यात वीस तासांपर्यंत काम असेल तर तो आठवडा अडीच दिवसांचा धरतात, तास कसेही वाटले तरी. दोन्हींपैकी विद्यार्थ्याला जी फायद्याची ती लागू. समजा ती सोमवार ते गुरुवार रोज पाच तास करते. दिवसाच्या मापाने चार दिवस गेले, आठवड्याच्या मापाने अडीच. ५२ आठवडे गुणिले अडीच म्हणजे १३०, म्हणजे वर्षभर आठवड्याला वीस तास केले तरी १४० च्या आत. सुट्टीच्या आठवड्यात, जेव्हा तासिका नसतात, पूर्णवेळ काम केलं तरी अडीचच धरता येतात. एजंट लोक हे सांगत नाहीत, कारण त्यांना स्वतःलाच माहीत नसतं.

या हिशोबातून बाहेर काय: विद्यापीठातलं सहायकाचं काम, ज्याला तिथे हिवी म्हणतात, ते मोजत नाहीत. अभ्यासक्रमात सक्तीची असलेली इंटर्नशिपही मोजत नाहीत. हौसेने केलेली इंटर्नशिप मात्र मोजतात, बिनपगारी असली तरी तिकडच्या परदेशी नागरिकांच्या कार्यालयाला विचारूनच करा.

आणि मिनीजॉब. "मिनीजॉब आहे, तो धरत नाहीत" हे अर्धवट ज्ञान सगळीकडे फिरतं. २०२६ मध्ये महिना ६०३ युरोपर्यंतच्या कामाला मिनीजॉब म्हणतात. सवलत आहे ती कर आणि विम्याच्या कपातीत. कामाच्या दिवसांत तो धरलाच जातो.

खर्च सुटतो का? १ जानेवारी २०२६ पासून किमान वेतन ताशी १३.९० युरो. आठवड्याला वीस तास धरले तर महिन्याला साधारण १,२०० युरो होतात. पेन्शनचे ९.३ टक्के गेले की अकराशेच्या आत. कागदावर ९९२ च्या वर, म्हणजे बसतं. पण पहिल्या सत्रात काम मिळेलच असं नाही, जर्मन बी१ (भाषेची मधली पातळी) च्या खाली असेल तर गोदाम, स्वयंपाकघर, साफसफाई एवढंच उरतं, आणि पहिला पगार काम लागल्यावर महिन्याने येतो. पहिलं वर्ष ब्लॉक्ड अकाउंटवर काढायचं आणि कामाचे पैसे दुसऱ्या वर्षासाठी साठवायचे, असा बेत धरा. परवाना वाढवताना पुढच्या काळाचे पैसे पुन्हा दाखवावे लागतातच.

राईन ते गोदा

वरच्या उत्तराला एक पुरवणी. वीस तासांची मर्यादा दोन वेगळ्या कायद्यांत आहे आणि लोक ती एकच समजतात. एक परवान्याची, जी वर आली. दुसरी विम्याची. सत्र चालू असताना आठवड्याला वीसच्या वर गेलात तर विमा कंपनीच्या लेखी तुम्ही विद्यार्थी राहत नाही, नोकरदार होता. मग पगारातून आरोग्य विमा, बेकारी विमा सगळं कापलं जातं. १४० दिवस शिल्लक असले तरी हे होतं. दोन ठिकाणी काम असेल तर दोन्हीकडचे तास एकत्र धरतात.

आता प्रश्न २. भारतातून मिळतो तो डी प्रकारचा राष्ट्रीय व्हिसा. तो प्रवेशापुरता, काही महिन्यांचा. स्टिकरवर "पासून-पर्यंत" असते ती शेवटची तारीख पहिल्याच दिवशी लिहून ठेवा. तिथे पोचल्यावर क्रम असा:

घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्ता नोंदवायचा. याला अनमेल्डुंग म्हणतात. त्यासाठी घरमालकाने सही केलेला, "ही व्यक्ती अमुक तारखेपासून इथे राहते" असा फॉर्म लागतो. नुसता भाडेकरार चालत नाही. ओळखीच्यांकडे सोफ्यावर झोपणाऱ्यांचं इथेच अडतं, कारण यजमान तो फॉर्म द्यायला तयार नसतो. घर शोधताना पहिला प्रश्न हाच विचारा: नोंदणी करू द्याल का? नाही म्हणाले तर ते घर सोडा, कितीही स्वस्त असलं तरी.

नोंदणीनंतर दोन-तीन आठवड्यांत कर क्रमांक पोस्टाने येतो. तो नोकरीच्या मालकाला दिला नाही तर तो सहाव्या करवर्गाने कापतो, म्हणजे पहिल्या युरोपासून भरपूर कर. जास्तीचं नंतर परत मिळतं, पण पहिल्या पगाराला दणका बसतो.

मग बँक खातं, विद्यापीठात नावनोंदणी, विमा. तिशीच्या आत आहे तर सरकारी विमाच घ्या. खासगी स्वस्त दिसतो, पण एकदा सरकारी विम्यातून सूट घेतली की शिक्षण संपेपर्यंत परत फिरता येत नाही. पुष्कळांना हे कळतं तेव्हा सही झालेली असते.

शेवटी परदेशी नागरिकांचं कार्यालय, आउसलेंडरबेहोर्डे. डी व्हिसा संपायच्या आधी तिथे राहण्याच्या परवान्याचा अर्ज गेला पाहिजे. भेटीची तारीख व्हिसा संपल्यानंतरची मिळाली तरी चालते, पण अर्ज आधी पोचल्याचा पुरावा हवा: ऑनलाइन पावती किंवा ईमेल. मोठ्या शहरांत भेटीची तारीख मिळायला काही महिने लागतात, तेव्हा पोचल्या पोचल्या अर्ज टाका. लागतं ते: पासपोर्ट, फोटो, नोंदणीचा दाखला, विद्यापीठाचं चालू सत्राचं प्रमाणपत्र, विम्याचं पत्र, पैशाचा पुरावा. परवाना कार्डाच्या रूपात मिळतो, पहिल्या कार्डाची फी १०० युरो.

कार्डासोबत एक घडीचा कागद मिळतो, त्याला पुरवणी पान म्हणा. कामाची परवानगी खरी तिथे छापलेली असते: १४० दिवस किंवा २८० अर्धे दिवस, विद्यापीठातली सहायक कामं, आणि बहुतेकदा "स्वयंरोजगारास परवानगी नाही". हे पान हरवलं तर मालक कामावर घेत नाही. स्कॅन करून ठेवा.

ती "स्वयंरोजगार नाही" ओळ म्हणजे तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर. भाची जर्मनीत बसून अंबडच्या कंपनीचं काम करेल तर ते काम जर्मनीतच झालं, पैसे भारतातल्या खात्यात आले तरी. बिल करून पैसे घेत असेल तर तो स्वयंरोजगार, त्याला कार्यालयाची वेगळी परवानगी लागते. पगारी नोकर म्हणून असेल तर दिवस मोजले जातील आणि कर-विम्याचं लचांड कंपनीच्या गळ्यात पडेल, जे नाशिकची छोटी कंपनी घेणार नाही. विमानात बसायच्या आधी ते काम हातावेगळं करून द्या. सायकलवरून जेवण पोचवण्याच्या कामातही हेच पाहायचं. करारात नोकर म्हटलंय की स्वतंत्र कंत्राटदार? नोकर असेल तर चालतं.

नाशिकरोड लोकल

अपोस्टिल अजिबात करू नका. भारत अपोस्टिलच्या करारात आहे, पण जर्मनीने भारताबाबत आक्षेप नोंदवलाय. त्यामुळे दोन देशांमध्ये तो शिक्का चालतच नाही. विद्यार्थी व्हिसासाठी मार्कशीटची खातरजमा एपीएसने केलेली असते. तेवढ्यासाठीच तर १८,००० रुपये घेतात. १ नोव्हेंबर २०२२ पासून ते सक्तीचं आहे.

नावाचं बघा. आपल्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग मुलीचं नाव, मग वडिलांचं, शिवाय आईचं नाव वेगळं. पासपोर्टवर आडनाव एका रकान्यात आणि "स्नेहा रमेश" असं दोन्ही मिळून नावाच्या रकान्यात. व्हिसाचा फॉर्म, ब्लॉक्ड अकाउंट, विमा, विमानाचं तिकीट, सगळीकडे पासपोर्टप्रमाणेच, वडिलांच्या नावासकट. ब्लॉक्ड अकाउंटवर नुसतं "स्नेहा" आणि पासपोर्टवर "स्नेहा रमेश" असलं की व्हिसाच्या काउंटरवर पत्र बदलून आणायला सांगतात.

महाराष्ट्र मुंबईच्या जर्मन वाणिज्य दूतावासाकडे येतो. सकाळी नऊची अपॉइंटमेंट असेल तर पंचवटी एक्स्प्रेसच्या भरवशावर राहू नका, ती सीएसएमटीला साडेदहाच्या पुढेच पोचवते. आदल्या रात्री जा, नाहीतर दुपारची वेळ घ्या. कागदांचे दोन संच, ए-४, स्टेपल न मारता. व्हिसा फी ७५ युरो, रुपयांत घेतात, सेवा शुल्क वेगळं.

आणि हो, पूर्वी व्हिसा नाकारला की फेरविचाराचा अर्ज करता यायचा. १ जुलै २०२५ पासून तो बंद झालाय. आता नव्याने अर्ज, नाहीतर बर्लिनच्या कोर्टात दावा. म्हणून पहिल्याच वेळी कागद चोख हवेत. विशेषतः हा कोर्स का, इथून पुढे काय, हे सांगणारं पत्र मुलीने स्वतः लिहावं. एजंटच्या साच्यातलं पत्र वाचणाऱ्याला दोन ओळींत कळतं.

सीए शरणपूर

पैसे पाठवण्याबद्दल, कारण इथे शेतकरी घराचा प्रश्न आहे.

युरो शंभर रुपये धरला तरी ११,९०४ युरो म्हणजे ११,९०,४०० रुपये. १ एप्रिल २०२५ पासून एका पॅनवर आर्थिक वर्षात १० लाखांपर्यंत टीसीएस (पैसे परदेशी पाठवताना बँक आधीच घेते तो कर) नाही. वरच्या रकमेवर लागतो. शिक्षण हा हेतू लागला तर दर कमी, दुसरा कुठलाही लागला तर २० टक्के, म्हणजे वरच्या १,९०,४०० वर ३८,०८० रुपये. बँकेतला माणूस ब्लॉक्ड अकाउंट म्हणजे "परदेशातली ठेव" असं समजून चुकीचा हेतू टाकू शकतो. प्रवेशपत्र पुढे ठेवा आणि फॉर्मवर शिक्षणाचाच कोड पडलाय का ते सही करण्याआधी वाचा. बँकेच्या शैक्षणिक कर्जातून रक्कम जात असेल तर टीसीएस नाही.

टीसीएस म्हणजे बुडालेला पैसा नाही, विवरणपत्र भरलं की परत मिळतो. पण मेख अशी की शेतीच्या उत्पन्नावर कर नाही म्हणून बरेच बागाईतदार विवरणपत्रच भरत नाहीत. ज्यांच्या पॅनवरून पैसे गेले त्यांनी त्या वर्षाचं विवरणपत्र भरलंच पाहिजे, नाहीतर परतावा अडकतो. शक्य असेल तर रक्कम आई आणि वडील दोघांच्या पॅनवरून विभागून पाठवा, प्रत्येकाची १० लाखांची मर्यादा वेगळी. त्याआधी ब्लॉक्ड अकाउंटवाले दोन जणांकडून रक्कम घेतात का हे मात्र विचारून घ्या.

सातपूरकर

सगळ्यांचे आभार, एजंटला उद्या रामराम. अजून दोन शंका. दिवाळीला यायचं म्हटलं आणि तोवर कार्ड आलं नसेल तर? आणि शेवटचा प्रबंध तिला नाशिकला बसून लिहिता येईल का? ताईची तशी फार इच्छा आहे.

राईन ते गोदा

पहिल्या दिवाळीला शक्यतो येऊ नका. ऑक्टोबरमध्ये गेलेली मुलगी नोव्हेंबरात परत येते तेव्हा ना कार्ड असतं ना परीक्षेची तयारी.

यायचंच असेल तर पासपोर्टवरचा डी व्हिसा अजून चालू आहे का पाहा. चालू असेल तर त्यावर परत जाता येतं. संपला असेल आणि अर्ज वेळेत गेला असेल तर कार्यालय एक तात्पुरता कागद देतं, फिक्त्सिओन्सबेशाइनिगुंग. त्यावर तीन चौकटी असतात. तिसऱ्या चौकटीवर, कलम ८१ परिच्छेद ४ वर, खूण असेल तर जुना हक्क चालू राहतो, काम करता येतं, बाहेर जाऊन परतही येता येतं. पहिल्या दोनपैकी एखादीवर खूण असेल तर देश सोडू नका. कागद हातात येताच काउंटरवरच ती खूण तपासायला सांगा, कारण चुकीची पडली तर तिथल्या तिथे दुरुस्त होते. एक महिन्याने सांगितलं तर पुन्हा भेटीची तारीख शोधत बसावं लागतं.

प्रबंध नाशिकला: सहा महिन्यांपेक्षा जास्त जर्मनीबाहेर राहिलं तर परवाना आपोआप रद्द होतो, कार्डावरची तारीख काहीही असो. चार महिने लिहून परत गेली तर चालेल, पण विद्यापीठाची नावनोंदणी आणि विमा या काळात चालू ठेवायचे. मार्गदर्शक प्राध्यापकाचं लेखी मत आधी घ्या. मेकॅनिकलला बरेच प्रबंध कंपनीत किंवा प्रयोगशाळेत होतात, ते घरी बसून होणारच नाहीत.

निकाल लागल्यावर घाईने परत येऊ नका हेही सांगून ठेवतो. नोकरी शोधायला १८ महिन्यांचा परवाना मिळतो आणि त्या काळात कामावर तासांचं बंधन नसतं. विद्यार्थी परवाना संपायच्या आधी तो अर्ज करायचा, आणि पैशाचा पुरावा पुन्हा लागतो. त्या १८ महिन्यांत नोकरी लागली की ब्लू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षितांना नोकरीवर मिळणारा राहण्याचा परवाना. २०२६ साठी वार्षिक पगाराची अट ५०,७०० युरो आहे. नुकतेच पदवी झालेले आणि अभियंत्यांसारखे टंचाईचे व्यवसाय यांना ४५,९३४.२० पुरतात. मेकॅनिकलवाल्यांनी हा दुसरा आकडा लक्षात ठेवावा. पगाराची बोलणी करताना ४५,५०० वर हो म्हणून बसलेला माणूस चारशे-साडेचारशे युरोसाठी ब्लू कार्डाला मुकतो.

सातपूरकर

शेवटचं विचारतो. पत्ता देताना फ्लॅट नंबर कसा लिहायचा? भाडेकरारावर दिसतच नाहीये.

हिशोबी माणूस

बहुतेक ठिकाणी फ्लॅट नंबर नसतोच. रस्ता, इमारतीचा क्रमांक, पिनकोड, शहर, एवढंच. टपाल कुणाचं हे पोस्टमन पत्रपेटीवरच्या नावावरून ठरवतो. पेटीवर तिचं आडनाव नसेल तर कर क्रमांकाचं पत्र, विम्याचं कार्ड, सगळं "असा कुणी राहत नाही" म्हणून परत जातं. किल्ली मिळाली त्याच दिवशी पेटीवर आणि दारावरच्या घंटीवर आडनाव चिकटवायचं. पासपोर्टवर जसं आहे तसंच, रोमन अक्षरांत. खोली कुणाबरोबर वाटून घेतली असेल तर दोघींची नावं.